आधी पूर्वपक्ष, मग टोला

रामकुंडाच्या पायऱ्यांवर सकाळी एक वाद ऐकला. आंध्र-तेलंगणाकडच्या यात्रेकरूंचा जथा आला होता. त्यांना सीतागुंफा आणि पाच वड दाखवायला एक रिक्षावाले काका पुढे सरसावले. त्यांची टेप सुरू होताच जथ्यातले एक गृहस्थ मोडक्या हिंदीत म्हणाले, "पंचवटी तर आमच्याकडे आहे. भद्राचलमजवळ, पर्णशालेला."

काका क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "शूर्पणखेचं नाक कुठं कापलं?"

"तिथंच."

"असं कसं? आमच्या गावाचं नावच नाशिक. नाक आमच्याकडे आहे!"

सगळे हसले. गृहस्थही हसले आणि म्हणाले, "बरं, नाक तुमचं, कुटी आमची."

"चालेल," काका म्हणाले. "पाणी तर एकच आहे. आम्ही इथनं सोडतो, तुम्ही तिकडं भरा."

भूगोल तर अगदी चोख. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावणारी गोदावरी १,४६५ किलोमीटर वाहते; रामकुंड तिच्या वाटेवर आहे आणि भद्राचलमही. वाद मिटला नाही, पण दोघे एकाच टपरीवर चहा प्यायला गेले.

हाच प्रश्न मी त्या रात्री आमच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. गंमत म्हणून. विसाव्या मिनिटाला एकाने मला कोणाचे पैसे मिळतात ते विचारले, दुसऱ्याने माझ्या आडनावावरून माझी मते ठरवली, तिसऱ्याने हसून लोळणाऱ्या इमोजींची रांग लावली. ॲडमिननी ग्रुपला कुलूप घातले. चूक माझीही होती: समोरच्याला काय वाटते ते न विचारता मी थेट चिमटा काढला होता.

अनोळखी माणसाशी इतिहास, राजकारण आणि नीती यांवर भांडणे, थट्टा करणे ही काही मोबाइलची देणगी नाही. मराठी मुलखात ती शेकडो वर्षे चालत आली आहे, आणि तिचा बराचसा प्रवास याच नदीच्या काठाने झाला आहे. त्या प्रवासात वादाला कोणते कायदे होते, ते कुठे मोडले, याचा हा आढावा.

फडावरचा कायदा

घाटावरच्या शास्त्र्यांचा जुना रिवाज होता. शास्त्रार्थात उभे राहायचे तर आधी 'पूर्वपक्ष' मांडायचा, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत सांगायचे. 'उत्तरपक्ष' त्यानंतर. समोरच्याचे म्हणणे वाकडे मांडून जिंकलेला वाद जिंकलेला धरत नसत. अर्थात हा कायदा ज्या वर्तुळात चाले, त्यात बायकांना आणि बहुसंख्य जातींना जागाच नव्हती, हे इथेच सांगून ठेवायला हवे.

पण कायदा पोथीतून बाहेरही आला होता. कलगी-तुऱ्याचे फड आठवा. तुरेवाले शिवाचा मोठेपणा गाणार, कलगीवाले शक्तीचा. एका शाहिराने कूट घालायचे, दुसऱ्याने ते आधी उलगडायचे आणि मगच आपला सवाल टाकायचा. टोमणे, कोपरखळ्या, शिवराळपणा, सगळे चाले. पण कूट न समजताच उत्तर ठोकणाऱ्याची फजिती गावासमोर होई. सिन्नरजवळच्या बावी गावचा, शिंपी समाजातला शाहीर परशराम याच जिल्ह्याचा. शास्त्र आणि शिमगा एकाच डफावर वाजवण्याची ही विद्या इथल्या लोकांना परकी नव्हती.

नदीने थोडे खाली, पैठणला जा. सोळाव्या शतकात एकनाथांनी 'हिंदू-तुर्क संवाद' लिहिला. दोन वेगळ्या धर्मांची माणसे एकमेकांच्या देवाधर्मावर तुटून पडतात. टिंगल अशी, की आज कोणी तशी पोस्ट टाकली तर संध्याकाळपर्यंत तक्रार दाखल होईल. पण नाथांनी दोघांच्याही तोंडी धारदार युक्तिवाद दिला, कोणालाच बुजगावणे केले नाही. शेवटी दोघे एकमेकांना आलिंगन देतात. ते आलिंगन पटते, कारण त्याआधीचे भांडण खरे आहे.

टोपणनाव, पाद्री आणि चहा

छापखाना आला आणि वाद घालणाऱ्यांना एकमेकांचे तोंड दिसेनासे झाले. १८४८ पासून भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात 'लोकहितवादी' या नावाने पत्रे येऊ लागली. आपल्याच समाजाच्या आळसावर, भटशाहीवर, अज्ञानावर इतके कोरडे त्याआधी मराठीत कोणी ओढले नव्हते. टोपणनावामागचे गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकर होते. पुढे ते नाशिकला न्यायाधीशही होते. निनावी लिहिणारा भेकडच असतो, हे त्यामुळे पटत नाही. देशमुखांच्या पत्रांमागे संपादक होता आणि फटका स्वतःच्या जातीवर होता. आज टोपणनाव उरले आहे. या दोन्ही गोष्टी गळाल्या आहेत.

१८५७ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी यांचा जाहीर वाद रंगला. ऐकायला झुंबड उडे. नंतरचा भाग जास्त महत्त्वाचा. या वादाचा वृत्तांत प्रतिपक्षातल्या जॉर्ज बोवेन या पाद्र्याने इंग्रजीत छापला, आणि १८७२ मध्ये मराठीत 'समुद्रकिनारीचा वादविवाद' आला. दोन्ही बाजू कागदावर उतरल्या. कोण जिंकले ते वाचकाने ठरवावे.

थट्टेचा सर्वांत बिलंदर नमुना मात्र पुण्याचा. आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव यांनी १८९० च्या ऑक्टोबरात शहरातल्या प्रतिष्ठितांना पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला नेले आणि समोर चहा-बिस्किटे आली. मग हजर असलेल्यांची यादी 'पुणे वैभव'मध्ये झळकली. रानडे आणि टिळक दोघेही त्या यादीत. ग्रामण्य माजले, शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेले, प्रायश्चित्ताची वेळ आली. आजच्या भाषेत गोपाळरावांनी सगळ्या पुण्याला ट्रोल केले. विनोद उत्तमच होता, कारण सुधारणेवर भाषणे करणारे आणि धर्म बुडाला म्हणणारे, दोघांचेही सोंग एका कपात उघडे पडले. पण गोपाळराव लपले नव्हते. करणारा कोण ते गावाला ठाऊक होते.

बंद दार

वाद आणि विनोद सर्व काही सोडवतात, असे वाटू लागले की काळाराम मंदिराच्या पूर्व दरवाजापाशी जाऊन उभे राहावे. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो सत्याग्रही मंदिरप्रवेशासाठी इथे आले. सगळी दारे बंद होती. त्याच वर्षी रामनवमीच्या रथाच्या वेळी सत्याग्रहींवर दगडफेक झाली. दादासाहेब गायकवाडांनी लढा वर्षानुवर्षे चालवला. दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली.

ज्यांना बाहेर ठेवले ते परके नव्हते, याच गावचे होते. त्यांचा पूर्वपक्ष ऐकायचाच नाही असे ठरले होते, आणि जिथे एक बाजू दाराआड आहे तिथे 'खेळीमेळीत घ्या' म्हणणे हा क्रूरपणा असतो. आजही कोणाच्या जातीवर, बाईपणावर, भाषेवर कोटी करून "अहो, गंमत केली" म्हणणारा त्या बंद दाराच्या आतूनच बोलत असतो.

दाराचे दुसरे टोक सरकारकडे असते. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंदबद्दलच्या एका फेसबुक पोस्टवरून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. एकीने लिहिले होते, दुसरीने लाइक केले होते. त्यातून कायद्याची लढाई उभी राहिली आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ रद्द केले.

तिसरे उदाहरण शेजारच्या धुळे जिल्ह्यातले. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशा अफवा मोबाइलवरून पसरल्या होत्या. ते आपली ओळख सांगत होते. ऐकून घ्यायला कोणी तयार नव्हते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली.

दुतोंड्या

गोदाघाटावर देवमामलेदार यशवंतराव महाराजांच्या पटांगणात दर मे महिन्यात वसंत व्याख्यानमाला भरते. तिने शंभरी ओलांडली आहे. न पटणारे भाषणही तासभर ऐकून घेण्याची सवय या पटांगणाने नाशिककरांना लावली. वक्ता अनोळखी, शेजारी बसलेला अनोळखी, पण शेंगदाण्याची पुडी दोघांत फिरते. मोबाइलमध्ये तो तास नाही आणि ती पुडीही नाही.

पुरावा तरी कुठे लांब आहे? 'पांडवलेणी पांडवांनीच खोदली' यावर ग्रुपवर रात्रभर रणकंदन होते. तिथली चोवीस लेणी बसच्या अंतरावर आहेत. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, दहाव्यात नहपानाचा जावई उषवदात याचा. दान कोणी दिले, भिक्षूंना काय दिले, हे दगडावर लिहिलेले आहे. दोन्ही पक्षांनी एकदा बरोबर जाऊन बघितले तर पांडवांचे नाव का चिकटले, हा अधिक मजेदार वाद सुरू होईल.

आणि रामकुंडाजवळ आमचा दुतोंड्या मारुती उभा आहेच. पावसाळ्यात पाणी त्याच्या पायाशी आहे, कमरेला आहे की छातीला, यावर नाशिककर पूर मोजतात. माणसाला 'दुतोंड्या' म्हटले तर शिवी होते. वादात मात्र दुसरे तोंड लागते, आपले नव्हे ते म्हणणे उच्चारायला.

म्हणून वाचकांना एवढीच विनंती आहे. कोणा अनोळख्याला उत्तर देण्याआधी त्याचे म्हणणे एका ओळीत लिहा आणि विचारा, "तुम्हाला हेच म्हणायचं आहे ना?" तो हो म्हणाला, की मग खुशाल टोला हाणा.