मुद्दल राखावयास शिकविणारी सहल

अमेरिकेतील बॅडलँड्स राष्ट्रीय उद्यानात २०१० साली सात वर्षांच्या एका मुलीस जीवाश्म दिसला. तो न उपटता तिने उद्यानाच्या कर्मचाऱ्यांस वर्दी दिली. उत्खननात खड्गदंती मार्जाराची कवटी निघाली. जीवाश्म जागचा हलला, की तो कोणत्या थरातला हे कळण्याचा मार्गच खुंटतो.

मध्य प्रदेशातील घुघवा जीवाश्म उद्यानात मुलांना नेणाऱ्या पालक-शिक्षकांनी हे ध्यानी ठेवावे. दख्खनचे पठार घडविणाऱ्या लाव्हाच्या काळातील, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची दगड झालेली झाडे तेथे आहेत. तोडलेले जंगल निदान पुन्हा लावता येते. या मुद्दलावर व्याज चढत नाही. प्रत्येकाने आठवण म्हणून एकेक तुकडा उचलला, तर पुढील पिढीस केवळ कुंपण उरेल. पाहावे, पण उचलू नये, एवढे जरी मुले शिकली, तरी सहलीचा खर्च सार्थकी लागला म्हणावयाचा.