कोळशाची शेगडी घेताना

लोणावळा, खंडाळा, तुंगार्ली आणि पवनानगरच्या परिसरात गेल्या काही वर्षांत घराच्या अंगणात कोळशावर भाजण्याची हौस फार वाढली आहे. पूर्वी कोळशावरचे कणीस खायचे ते भुशी धरणाच्या वाटेवर किंवा टायगर पॉइंटला. आता शनिवार-रविवारचे पाहुणे तर राहोच, पण गावातील कुटुंबेही घरी शेगडी घेऊ लागली आहेत. त्यातच अंड्याच्या आकाराची, झाकणाची, सिरॅमिकची शेगडी बाजारात आली आहे. "डॉक्टर, ही घेतली तर धुराचा त्रास होणार नाही ना?" असे मला अनेकांनी विचारले. आजचा लेख त्या प्रश्नाच्या उत्तरादाखल.

ही शेगडी दिसायला नवी असली तरी तिच्यामागची कल्पना जुनीच आहे. जपानी भाषेत चुलीला 'कामाडो' म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये राहिलेल्या अमेरिकन सैनिकांनी अशा मातीच्या चुली मायदेशी नेल्या आणि पुढे तिकडे त्या सिरॅमिकच्या बनू लागल्या. आपला तंदूर त्याच जातीचा. घाट उतरून रायगड जिल्ह्यात गेलात, तर हिवाळ्यात पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, कोंबडी भरून मडके पालथे घालतात आणि भोवती जाळ करतात. जाड मातीने उष्णता धरून ठेवायची आणि आतला जिन्नस स्वतःच्या वाफेवर शिजवायचा, हे तत्त्व दोन्हीकडे सारखेच आहे.

सिरॅमिकच्या शेगडीला खाली एक आणि वर झाकणात एक अशा दोन झडपा असतात. त्या उघडल्या की हवा खेळते, निखारा फुलतो आणि उष्णता तीनशे अंश सेल्सिअसपर्यंत जाते. झडपा जवळजवळ मिटल्या की निखारा मंदावतो आणि शंभर-सव्वाशे अंशांवर मांस तासन्‌तास धुरावत ठेवता येते. कोळसा कमी लागतो, धूरही डोळ्यांना कमी दिसतो. विक्रेते हाच गुण सांगतात आणि तो खराही आहे. मात्र आरोग्याच्या दृष्टीने खरा धोका याच ठिकाणी आहे.

कोळशाला पुरेशी हवा मिळाली नाही की तो अर्धवट जळतो आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत की ठसका लागत नाही. म्हणजे धूर दिसत नाही म्हणून हवा शुद्ध आहे, असे समजणे चुकीचे आहे. रक्तातील हिमोग्लोबिनला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. मग रक्त वाहत असते, पण मेंदूला आणि हृदयाला प्राणवायू पोहोचत नाही.

एका जुलै महिन्यात रात्री साडेदहाच्या सुमारास भाड्याच्या बंगल्यात उतरलेले एक कुटुंब माझ्याकडे आले. पाचही जणांचे डोके दुखत होते, दोघांना उलट्या होत होत्या, आजींना धड उभेही राहता येत नव्हते. "चिकन बाधले" अशी सर्वांची खात्री होती. ताप कोणालाच नव्हता, जुलाबही नव्हते. ज्या मुलीने चिकन खाल्लेच नव्हते, तिचेही डोके दुखत होते. विचारपूस केली तेव्हा कळले, की पाऊस वाढला म्हणून शेगडी व्हरांड्यात घेतली होती आणि व्हरांड्याला चारही बाजूंनी प्लास्टिकचा कागद लावलेला होता. बोटाला लावायच्या यंत्रावर प्राणवायू अठ्ठ्याण्णव टक्के दिसत होता. हे यंत्र येथे हमखास फसवते, कारण कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले रक्त आणि प्राणवायू असलेले रक्त यांतला फरक त्याला कळत नाही. त्यांना ताबडतोब ऑक्सिजन लावून मोठ्या रुग्णालयात पाठवले आणि सर्व जण बरे झाले. ते तसेच जाऊन झोपले असते, तर गोष्ट वेगळी झाली असती.

जानेवारी २०२० मध्ये नेपाळातील दमन येथे केरळचे आठ पर्यटक एकाच खोलीत मृत्युमुखी पडले. तेथे कोळसा नव्हता, गॅसवर चालणारे उबेचे यंत्र होते, पण बंद खोली आणि घातक वायू हे कारण तेच. आपल्याकडे पवना धरणाच्या काठी डिसेंबरच्या थंडीत तंबूत मुक्काम करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. विझत आलेली शेगडी उबेसाठी तंबूत घेणे म्हणजे मृत्यूला उशाशी घेणे होय. वरून राख धरली तरी आतला निखारा हा वायू सोडतच असतो.

शेगडीजवळ बसलेल्या एकाहून अधिक माणसांचे डोके दुखू लागले, मळमळले, झोप अनावर झाली, तर सर्वांनी प्रथम उघड्यावर यावे. कांदा हुंगवणे, लिंबूपाणी पाजणे यात वेळ घालवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि डॉक्टरांना "कोळसा पेटवला होता" हे आवर्जून सांगावे. साध्या हवेत हा वायू रक्तात निम्म्यावर यायला चार ते सहा तास लागतात. शुद्ध प्राणवायू दिला तर तेच काम तास-दीड तासात होते.

दुसरा प्रश्न धुराचा आणि करपण्याचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० या एका वर्षात घरातील चुलींच्या धुरामुळे जगात सुमारे बत्तीस लाख लोक दगावले. महिन्यातून एकदा शेगडी पेटवणाऱ्याला रोज चुलीपुढे बसणाऱ्या माउलीइतका धोका नाही, हे उघड आहे. तरीही दमेकरी, हृदयविकाराचे रुग्ण, गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांना शेगडीपासून दूरच बसवावे.

मांसातील चरबी निखाऱ्यावर ठिबकली की जो धूर उठतो, त्यात कर्करोगाला कारणीभूत ठरणारी द्रव्ये असतात व ती मांसावर बसतात. मांस काळे करपले की आणखी काही घातक द्रव्ये तयार होतात. २०१५ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सॉसेज, सलामीसारखे प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारक ठरवले, तर मटणासारखे लाल मांस बहुधा कर्करोगकारक असे म्हटले. म्हणून चरबी काढून टाकावी, तुकडे लहान करावेत, दही, लिंबू, लसूण, हळद लावून मुरवावेत, आधी थोडे वाफवून मग भाजावेत आणि वरचेवर परतावेत. काळा भाग काढून टाकावा. पण करपायला नको म्हणून कच्चे ठेवू नये. कोंबडीच्या मांसाचा गाभा चौऱ्याहत्तर अंशांपर्यंत तापायला हवा. मांसात खुपसायचा तापमापक शेगडीसोबतच घ्यावा. कणीस, रताळी, भरताची वांगी यांत चरबी ठिबकण्याचा प्रश्न नाही, म्हणून शेगडीवर निम्मी जागा भाज्यांना द्यावी.

आता निवडीविषयी. जागा आधी ठरवा, शेगडी नंतर. मोठी सिरॅमिकची शेगडी सत्तर किलोंच्या घरात जाते. पाऊस आला म्हणून ती चटकन हलवता येत नाही. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो, तेव्हा वर छप्पर आणि किमान तीन बाजू मोकळ्या अशी जागा नसेल, तर ही शेगडी घेऊ नये.

घेताना झडपा सहज सरकतात का, झाकण सर्व बाजूंनी नीट बसते का, मातीला चीर गेली आहे का, हे पाहावे. जाळी स्टेनलेस स्टीलची किंवा बिडाची असावी. जस्ताचा मुलामा दिलेली जाळी तापल्यावर अपायकारक ठरते. तारेचा ब्रश टाळावा, कारण त्याची सुटलेली तार घासाबरोबर पोटात जाऊन इजा करते. बैठक भक्कम असावी, नाही तर मुलाच्या धक्क्यानेही शेगडी कलंडते.

कोळसा साधा लाकडी घ्यावा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. दमट कोळसा धुमसतो. रंग दिलेले लाकूड, प्लायवूड कधीही जाळू नये आणि रॉकेल ओतू नये. झडपा मिटलेल्या असताना झाकण एकदम उघडले तर हवा आत शिरून भडका उडतो. आधी झाकण दोन बोटे उचलावे, क्षणभर थांबावे, मग उघडावे. विझवताना दोन्ही झडपा बंद कराव्यात, राख दुसऱ्या दिवशी काढावी आणि शेगडी रात्री घरात आणू नये.

वर्षातून पाच-सहा वेळाच भाजणार असाल, तर लोखंडाची साधी शेगडी पुरते. नुसती धुराची चव हवी असेल, तर पातेल्यात वाटी ठेवून, तीत निखारा व तुपाचे दोन थेंब टाकून झाकण लावावे, उत्तम धुंगार मिळतो. तेवढ्यापुरतीही खिडकी उघडी असावी. महागडी शेगडी घेतली म्हणून कोळशाचा गुणधर्म बदलत नाही. ती कोठे ठेवता यावरच घरच्यांची सुरक्षितता अवलंबून आहे.