न्यूयॉर्कच्या फलाटावरून जगभर: एक सॅक्सोफोन, तीन माणसं आणि दौऱ्याचा हिशोब



"सर, एक व्हिडिओ व्हायरल झाला ना, की धंदा सुरू!" हे वाक्य मला दर आठवड्याला कुणीतरी ऐकवतं. परवाच्या व्हिडिओत मी न्यूयॉर्कच्या एका सॅक्सोफोनवाल्याचं उदाहरण दिलं आणि बऱ्याच जणांनी त्यातूनही नेमका हाच अर्थ काढला. म्हणून आज जरा सविस्तर.

या कलाकाराचं नाव लिओ पेलेग्रिनो. लोक त्याला लिओ पी म्हणतात. तो बॅरिटोन सॅक्सोफोन वाजवतो, म्हणजे सॅक्सोफोनच्या घराण्यातला खर्जात बोलणारा थोरला भाऊ. मॅनहॅटन स्कूल ऑफ म्युझिकमध्ये शिकताना त्याला ट्रम्पेटवाला मॅट डो भेटला. पुढे डेव्हिड पार्क्स हा तालवादक जोडीला आला आणि २०१३ मध्ये 'टू मेनी झूझ' हे त्रिकूट तयार झालं. यांची वाजवायची जागा होती भुयारी रेल्वेचा फलाट.

आता धंद्याच्या नजरेने बघा. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत वाजवायला परवानगी आहे, पण फलाटावर माइक, स्पीकर काही चालत नाही. समोरचा माणूस ऐकायला आलेला नसतो, त्याला घरी जायची घाई. गाडी आली की अख्खं गिऱ्हाईक दोन मिनिटांत पसार! अशा ठिकाणी हळुवार जॅझ वाजवून कोण थांबणार?

म्हणून त्यांचा माल त्या जागेने घडवला. बॅरिटोनचा आवाज मुळातच दणदणीत, त्याला वीज लागत नाही. पार्क्सने मोठा ढोल गळ्यात अडकवला, त्यालाच झांज आणि घंटी जोडली. उभ्या माणसाच्या अंगावर पूर्ण ड्रमसेट! आणि लिओ वाजवताना सतत नाचतो. गाडीच्या खडखडाटात आवाज हरवला तरी नजर तिकडे जातेच.

संगीताची सरमिसळ हीसुद्धा अशीच. खाली क्लबमध्ये वाजणाऱ्या हाउस संगीताचा सरळ ठोका, मध्ये आफ्रो-क्यूबन ठेके आणि फंक, वर जॅझची उत्स्फूर्त फिरत. ठोका कुणालाही कळतो, त्यामुळे पाय थांबतात, आणि जाणकाराला वरची फिरत धरून ठेवते. आपल्या मिसळीसारखंच आहे हे. घरात उरलेलं सगळं एका वाटीत ओतलं म्हणून मिसळ होत नाही, कट, उसळ, फरसाण प्रत्येकाचं काम ठरलेलं असतं. या मिश्रणाला त्यांनी स्वतःचं नावही दिलं, 'ब्रासहाउस'. "आम्ही थोडं जॅझ, थोडं डान्स वाजवतो" असं सांगण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

२०१४ मध्ये युनियन स्क्वेअर स्टेशनवरचं त्यांचं वादन एका प्रवाशाने चित्रित करून टाकलं आणि ते जगभर पसरलं. पण त्या दिवशी कॅमेऱ्यासमोर जे होतं ते आधी फलाटावर रोज घासूनपुसून तयार झालेलं होतं. कुठल्या सुराला माणूस थांबतो आणि कुठे निघून जातो, हे त्यांना गर्दीनेच शिकवलं होतं. व्हिडिओने फक्त ती गर्दी वाढवली. २०१६ मध्ये बियॉन्सेच्या 'लेमोनेड' अल्बममध्ये त्यांना वाजवायला मिळालं, त्याच वर्षी तिच्याबरोबर सीएमए पुरस्कार सोहळ्यात ते मंचावर होते, आणि 'सबवे गॉड्झ' हा स्वतःचा अल्बमही आला.

इथे मालकीचा मुद्दा येतो. सॅक्सोफोन म्हटलं की आपल्याला मनोहारी सिंग आठवतात. काय सूर होता! पण हिंदी चित्रपटांच्या स्टुडिओत वाजवणाऱ्यांना त्या ध्वनिमुद्रणाचे पैसे मिळायचे आणि विषय संपायचा, गाणं पन्नास वर्षं वाजत राहिलं तरी. स्वतंत्र कलाकाराच्या हातात दोन वेगळ्या गोष्टी असतात: रचनेचा हक्क आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क. जाहिरातीत वापरलं, चित्रपटात घेतलं, तर दोन्हींचे पैसे वेगवेगळे येऊ शकतात. दुसऱ्याच्या नावाने मसाला करून देणाऱ्या ताईंनी हा परिच्छेद परत वाचावा.

आता परदेश दौरा. बाहेरून तो फार झकपक दिसतो. आकडे माझे आहेत, फक्त समजण्यापुरते. धरा, एका कार्यक्रमाचे दीड लाख रुपये मिळतात. विमानाचं जाऊन-येऊन तिकीट माणशी ८० हजार. राहणं, खाणं, फिरणं माणशी रोज ८ हजार.

एका कार्यक्रमासाठी तिघं गेले तर तिकिटांतच २ लाख ४० हजार गेले, म्हणजे तोटा. म्हणून एका तिकिटावर १४ दिवसांत १० कार्यक्रम बसवायचे. जमा १५ लाख. तिकिटं २ लाख ४० हजार, मुक्काम ३ लाख ३६ हजार. उरले ९ लाख २४ हजार. त्यातून एजंटचं कमिशन आणि कर जाईल, तरी हातात काहीतरी राहतं.

तोच दौरा आठ जणांच्या बँडने केला तर? तिकिटं ६ लाख ४० हजार, मुक्काम ८ लाख ९६ हजार. एकूण १५ लाख ३६ हजार. टाळ्या तेवढ्याच, आणि वर ३६ हजार खिशातून!

कराचंही लक्षात ठेवा. कलाकाराच्या मानधनावर साधारणपणे जिथे कार्यक्रम झाला तो देश आधी कर घेतो, बऱ्याचदा पैसे हातात येण्याआधीच कापून. त्याचं प्रमाणपत्र मागून घेतलं नाही तर घरी परतल्यावर वजावट मिळवताना नाकीनऊ येतात. वाद्यांसाठी 'एटीए कार्नेट' नावाचा कागद असतो. तो असला की सामान तात्पुरतं नेताना त्या देशात आयात शुल्क भरावं लागत नाही, पण मुदतीत सगळं परत आणावं लागतं. भारतात हा कागद फिक्की देते, आणि परदेशी प्रदर्शनात नमुने नेणाऱ्या उद्योजकांनाही तो चालतो. विकायचा माल मात्र त्यात घालायचा नाही, त्याचे कागद वेगळे.

ऑगस्ट २०१७ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, बीबीसी प्रॉम्समध्ये, लिओ पी चार्ल्स मिंगसचं 'मोनिन' वाजवायला उभा राहिला. मागे मोठा वाद्यवृंद, समोर भरलेलं सभागृह. आणि हा पठ्ठ्या फलाटावर नाचायचा तसाच नाचत होता. व्हिडिओ जरूर बघा.

तुमच्यासाठी गृहपाठ: पुढच्या प्रदर्शनाला किंवा जत्रेला स्टॉल लावणार असाल, तर वरचा हिशोब तुमच्या आकड्यांनी मांडा. किती माणसं नेणार, किती दिवस, आणि कितव्या दिवशी खर्च निघतो? कमेंटमध्ये लिहा, पुढच्या भागात त्यातले दोन-तीन हिशोब आपण एकत्र तपासू.