लहान ट्रॅक्टर व त्याची संवय

आमच्या शाळेंत येणाऱ्या मुलांपैकीं पुष्कळांच्या घरीं शेती आहे. आणि ज्यांच्या घरीं ट्रॅक्टर नाहीं त्यांनींही शेजाऱ्याचा ट्रॅक्टर नांगरतांना पाहिलेला आहे. डाव्या पायानें क्लच दाबावा, हातानें गिअर टाकावा, मग क्लच हळूच सोडावा, म्हणजे ट्रॅक्टर चालूं लागतो, हें आमच्या खालच्या वर्गांतील मुलालाही सांगतां येईल. आम्ही स्वतः हें काम तरुणपणीं शिकलों, व तें आपणांस चांगलें येतें असा आमचा समज होता. तो समज गेल्या उन्हाळ्यांत अमेरिकेंत एका लहानशा ट्रॅक्टरानें दूर केला. ती हकीकत व त्या यंत्राची माहिती विद्यार्थ्यांस आणि त्यांच्या पालकांस उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें देत आहों.

ओहायो राज्याच्या डोंगराळ भागांत आमचा एक माजी विद्यार्थी राहतो. नोकरी सांभाळून चार-पांच एकर जमीन राखणारीं कुटुंबें त्या देशांत पुष्कळ आहेत; त्यांपैकींच त्याचें एक. गवत कापणें, खडी व माती हलविणें, हिवाळ्यांत वाटेवरचें बर्फ दूर करणें, अशीं किरकोळ परंतु नित्याचीं कामें त्यांना असतात. अशा कामांत घडोघडी पुढें-मागें जावें लागतें, आणि गिअरच्या ट्रॅक्टरावर तितक्या वेळां क्लच दाबून पाय भरून येतो. म्हणून तेथील लोक हायड्रोस्टॅटिक पद्धतीचा लहान ट्रॅक्टर पसंत करितात. आमच्या विद्यार्थ्यानें असाच एक नवा ट्रॅक्टर घेतला होता.

या यंत्राचें अंतरंग प्रथम समजून घेऊं. बंद भांड्यांतील द्रवावर एके ठिकाणीं दाब दिला असतां तो सर्व दिशांस सारखाच पोंचतो, हा नियम आमचे विद्यार्थी पदार्थविज्ञानांत शिकतात. तो ब्लेझ पास्काल या फ्रेंच पंडितानें मांडला. पास्काल १६६२ सालीं वारला, व या विषयावरचा त्याचा ग्रंथ त्याच्या मागें १६६३ सालीं प्रसिद्ध झाला. त्याच नियमावर या ट्रॅक्टराची चाल अवलंबून आहे. इंग्लंडांत सिल्सो येथील संशोधन संस्थेनें १९५४ सालीं असा ट्रॅक्टर प्रयोगादाखल तयार केला, आणि अमेरिकेंतील इंटरनॅशनल हार्वेस्टर या कारखान्यानें १९६७ सालीं या पद्धतीचा ट्रॅक्टर बाजारांत आणला.

यांत इंजिन चाकांना सरळ फिरवीत नाहीं. तें एक पंप फिरवितें. पंपांत एक गोल ठोकळा असून त्यांत लहान लहान दट्टे बसविलेले असतात, आणि त्या दट्ट्यांचीं टोकें एका तबकडीवर टेकलेलीं असतात. तबकडी सरळ उभी असली म्हणजे ठोकळा फिरला तरी दट्टे आंत-बाहेर होत नाहींत, तेल ढकललें जात नाहीं, आणि इंजिन चालू असूनही ट्रॅक्टर जागच्या जागीं उभा राहतो. तबकडी थोडी कलली कीं दट्टे थोडे हलतात, थोडें तेल पुढें जातें, व त्या तेलाच्या जोरानें दुसऱ्या बाजूची मोटर फिरून चाकें हळू चालूं लागतात. तबकडी अधिक कलली कीं तेल अधिक व वेगही अधिक. ती उलट बाजूस कलविली कीं तेलाचा ओघ उलटतो आणि ट्रॅक्टर मागें येतो. चालविणाऱ्याच्या पायाखालचें पेडल या तबकडीला जोडलेलें असतें. पाय उचलला कीं तबकडी सरळ होते व ट्रॅक्टर थांबतो. इतकें सोपें!

परंतु सोपी वस्तु लवकर अंगवळणी पडतेच असें नाहीं. आमची पहिली चूक अशी झाली कीं, मोटारीच्या संवयीनें आम्ही त्या पेडलास इंजिनाचा वेग वाढविणारें पेडल समजलों. तें तसें नव्हे. येथें इंजिनाचा वेग हातानें फिरविण्याच्या दांड्यानें आधीं ठरवावयाचा असतो. मागें गवत कापण्याचें यंत्र जोडलें असेल तर पी. टी. ओ. चा दांडा मिनिटाला ५४० फेरे घेईल इतका वेग ठेवावा लागतो. त्याची खूण पुढच्या फळीवर केलेली असते. इंजिन मंद ठेवून पाय जोरानें दाबला तर यंत्र गुदमरतें.

दुसरी चूक याहून मोठी. बकेट खडीच्या ढिगांत घातली आणि ट्रॅक्टर अडला. अडलेल्या गाडीला जोर द्यावा या बुद्धीनें आम्हीं पेडल आणखी दाबलें. इंजिनाचा आवाज खोल गेला व तें बंद पडलें. पुन्हां तेंच केलें. पुन्हां तेंच झालें. तेव्हां आमचा विद्यार्थी जवळ येऊन अदबीनें म्हणाला, “सर, काम जड झालें कीं पाय हलका करायचा. कानानें इंजिन ऐका आणि त्याप्रमाणें पाय सोडा.” आम्हीं पाय निम्मा सोडला, आणि काय आश्चर्य! तोच ट्रॅक्टर ढिगांत शिरला व बकेट भरून बाहेर आला.

याचें कारण शोधतां तें विहिरीवरच सांपडतें. खोल विहिरींतून मोठी घागर ओढतांना ज्याचे हात थकतात, तोच मनुष्य लहान कळशी सहज वर आणतो. प्रत्येक खेपेस पाणी थोडें येतें, पण येतें. इंजिनाची शक्तिही अशीच ठरलेली आहे. पेडल पूर्ण दाबलें म्हणजे पंपाला प्रत्येक फेऱ्यास पुष्कळ तेल ढकलावें लागतें, आणि त्या तेलाला मोठा दाब देण्याइतकें बळ इंजिनांत उरत नाहीं. पाय हलका केला म्हणजे तेल थोडें जातें, पण जोरानें जातें; वेग घटतो व ओढ वाढते. गिअरच्या ट्रॅक्टरावर खालचा गिअर टाकून जें साधतें, तें येथें पाय सैल करून साधतें.

तिसरी गोष्ट सांगण्यास आम्हांस थोडा संकोच वाटतो, परंतु तीच सर्वांत महत्त्वाची आहे. अशा ट्रॅक्टरांत पेडलाशिवाय एक रेंजचा दांडाही असतो. त्यानें मंद व जलद असे दोन किंवा तीन टप्पे पडतात. मंद टप्पा ओझ्यासाठीं व उतारासाठीं, आणि जलद टप्पा सपाट वाटेसाठीं. एके सायंकाळीं आम्ही बकेटींत खडी घेऊन जलद टप्प्यांतच उतारावर आलों. वेग अधिक वाटला, म्हणून तेथेंच थांबून दांडा मंद टप्प्याकडे ओढला. तो दोहोंच्या मध्यें आला मात्र, चाकांचा व पंपाचा संबंध तुटला आणि ट्रॅक्टर आपोआप खालीं धांवूं लागला! आमचा डावा पाय जुन्या संवयीनें क्लच चाचपूं लागला. तेथें क्लच नव्हता. खालून आवाज आला, “सर, बकेट खालीं टाका! ब्रेक दाबा!” बकेट जमिनीला घासली, ब्रेक लागला, आणि नाल्यापासून चार हातांवर ट्रॅक्टर उभा राहिला. देवाच्या दयेनें कोणास इजा झाली नाहीं.

त्या रात्रीं आम्हीं जें पुस्तक पहिल्याच दिवशीं वाचावयास पाहिजे होतें तें वाचलें. ट्रॅक्टरासोबत मिळणाऱ्या त्या माहितीपुस्तकांत व आमच्या अनुभवांत जें एक निघालें तें असें: टप्पा बदलावयाचा तो उतार लागण्यापूर्वीं, सपाट जागीं, ट्रॅक्टर पूर्ण उभा करून. उतारावर मंद टप्पा ठेवावा, म्हणजे तेलच चाकांना आवरून धरतें. भरलेली बकेट जमिनीलगत न्यावी. ती उंच असली कीं ट्रॅक्टर कलंडण्याची भीति वाढते. मागील बाजूस वजन बांधावें. पाठीमागची संरक्षक कमान उभी असावी व पट्टा बांधलेला असावा. कमान पाडलेली असतांना मात्र पट्टा बांधूं नये, कारण ट्रॅक्टर उलटल्यास बांधलेला मनुष्य त्याखालींच सांपडेल. पाय पेडलावरून एकदम उचलूं नये, हळूहळू उचलावा. नाहीं तर धक्का बसतो. उभ्या ट्रॅक्टरावरून उतरण्यापूर्वीं बकेट जमिनीवर टेकवून हातब्रेक लावावा. केवळ तेलावर विसंबूं नये. आणि तेल स्वच्छ ठेवावें. नव्या यंत्रांत धातूचा बारीक चुरा सुटतो, म्हणून पुष्कळ कारखाने पहिल्या ५० तासांनंतरच गाळणी बदलावयास सांगतात.

यावरून हीच पद्धत सर्वत्र उत्तम असें कोणी समजूं नये. तेलाच्या फिरण्यांत कांहीं शक्ति उष्णतेच्या रूपानें वायां जाते. दिवसभर एकाच चालीनें नांगरावयाचें असेल तर गिअरचा ट्रॅक्टर थोड्या इंधनांत अधिक काम देतो, व किंमतीनेंही स्वस्त पडतो. आपल्याकडील शेतांत तोच अधिक दिसतो याचें हेंही एक कारण आहे. जेथें वारंवार पुढें-मागें व्हावयाचें, तेथें मात्र दुसऱ्याची बरोबरी पहिल्यास करतां येत नाहीं.

असो. आम्ही आणखी दहा दिवस तेथें होतों. रोज सकाळीं सपाट पटांगणांत बकेट रिकामी ठेवून तासभर पुढें-मागें जाण्याचा अभ्यास केला. चौथ्या दिवशीं डाव्या पायानें क्लच शोधणें सोडलें, आणि आठव्या दिवशीं आमच्या विद्यार्थ्यानें आम्हांस पुन्हां उतारावर जाऊं दिलें. मुलांनो, ज्याला कांहींच येत नाहीं तो नवें यंत्र भीत भीत हाताळतो, म्हणून बहुधा वांचतो. ज्याला जुनें यंत्र चांगलें येतें त्याला खरा धोका असतो, कारण त्याचे हातपाय त्याच्या मनाआधीं चालतात. तुमच्यापैकीं पुष्कळांच्या हातीं पुढें नवीं नवीं यंत्रें येतील. त्या वेळीं प्रथम पुस्तक वाचा, सपाट जागा निवडा, आणि शिकविणारा वयानें लहान असला तरी त्याचें ऐका. आम्हीं ज्याला वर्गांत पास्कालचा नियम शिकविला, त्यानेंच आम्हांस तो उतारावर समजावून दिला, हें सांगतांना आम्हांस कमीपणा वाटत नाहीं. उलट आनंदच वाटतो.