मेडिकल कोडिंग : फी भरण्याआधी

पणदऱ्याहून बारामतीला शिकायला जाणाऱ्या, विज्ञान शाखेच्या आपल्या मुलींसाठी मेडिकल कोडिंग हा एक मार्ग आहे. डॉक्टरांनी नोंदवलेल्या आजाराला ठरलेला कोड द्यायचा. आयसीडी-10 मध्ये टाइप 2 मधुमेह ई11, उच्च रक्तदाब आय10. त्यावरून विम्याचा दावा तपासला जातो. प्रोग्रॅमिंग लागत नाही. शरीररचना आणि इंग्रजी पक्के हवे.

बरेचसे काम अमेरिकेतील रुग्णालयांचे, म्हणून तिथल्या सीपीसी परीक्षेला मान : 4 तास, 100 प्रश्न, उत्तीर्णतेला 70 टक्के. क्लासचे प्रमाणपत्र म्हणजे ही परीक्षा नव्हे. ‘नोकरीची हमी’ ऐकून दागिने गहाण ठेवण्याआधी फीमध्ये काय काय येते, ते लेखी घ्या.

आणि मुलीला सांगा : रुग्णाची माहिती ही अमानत आहे, खोटा कोड लावून बिल फुगवणे ही खियानत.