हुकूम नको, प्रश्न विचारा!

भोकरदन तालुक्यातले हसनाबाद घ्या, नाही तर मुंबईतली एखादी चाळ घ्या. आपल्या बैठकांचे चित्र बहुधा सारखेच असते. पुढारी तासभर बोलतात, लोक ऐकतात. शेवटी पुढारी विचारतात, "सगळ्यांना मान्य आहे ना?" माना हलतात आणि ठराव पास होतो. खरी चर्चा मात्र बाहेर, चपला पायात घालताना सुरू होते. मग वर्गणी जमत नाही, कामाला माणसे येत नाहीत आणि पुढारी म्हणतात, "आपला समाजच असा!"

वाचकहो, दोष समाजाला देण्याआधी त्या प्रश्नाकडे पाहू या. "मान्य आहे ना?" या वाक्यात प्रश्नचिन्ह असले, तरी तो हुकूमच आहे. त्याला 'नाही' असे उत्तर देण्याची सोय नसते.

समजा, हसनाबादमधल्या एखाद्या बचत गटात बारा जणी आहेत. त्यातल्या एकीचे कर्जाचे दोन हप्ते थकले. अध्यक्षबाई भर बैठकीत विचारतात, "पैसे का नाही भरले?" ती मान खाली घालते. पुढच्या बैठकीला ती येत नाही आणि तिचे पाहून आणखी दोघी यायच्या थांबतात. गट मोडतो. बँकेतली पत जाते आणि पुन्हा सावकाराचा उंबरठा नशिबी येतो. एका प्रश्नाने एवढे नुकसान होऊ शकते.

त्याच अध्यक्षबाईंनी असे विचारले तर? "ताई, हप्ता कशात अडकला?" मग कदाचित कळेल, की नवरा जालन्याच्या स्टील कारखान्यात आहे आणि दोन महिने काम बंद होते. पुढचा प्रश्न : "सध्या दर महिन्याला किती जमेल?" त्यानंतरचा प्रश्न सगळ्यांना : "कापूस वेचणीची मजुरी हाती येईपर्यंत हप्ता लहान करायचा का?" कर्ज माफ झाले नाही, नियमही मोडला नाही. पण तोडगा बारा जणींनी मिळून काढला, म्हणून तो पाळण्याची जबाबदारीही बारा जणींची झाली.

ही रीत आम्हाला परकी नाही. डिसेंबर १९२७ मधली महाडची सत्याग्रह परिषद आठवा. चवदार तळ्यावर जायचे म्हणून हजारो लोक जमले होते. विरोधकांनी मात्र त्याआधीच दिवाणी कोर्टाकडून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला होता. आता काय करायचे? बाबासाहेबांच्या एका शब्दावर ती सारी माणसे उठली असती किंवा बसली असती. तरीही बाबासाहेबांनी तो प्रश्न परिषदेपुढे ठेवला. सत्याग्रह आताच करावा असे म्हणणारे बोलले, तहकूब करावा असे म्हणणारेही बोलले. मग बाबासाहेबांनी परिणाम समजावून सांगितले आणि परिषदेने सत्याग्रह तहकूब केला. लोक निराश होऊन पांगले नाहीत, तर शिस्तीने मिरवणूक काढून तळ्याला वळसा घालून आले. पुढे १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला.

धर्मांतराचेही तसेच. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला घोषणा झाली. ३१ मे १९३६ ला मुंबईच्या परिषदेत बाबासाहेबांनी जे भाषण केले, त्याचे नावच एक प्रश्न आहे : 'मुक्ती कोन पथे?' दीक्षा झाली ती १४ ऑक्टोबर १९५६ ला. मधल्या एकवीस वर्षांत समाजाला त्या प्रश्नावर विचार करायला वेळ मिळाला.

त्याच्याही मागे तथागतांची परंपरा आहे. केसपुत्तच्या कालामांनी विचारले, "इतके गुरू येतात, आम्ही कोणाचे खरे मानावे?" तेव्हा बुद्धांनी त्यांनाच उलट विचारले, की माणसाच्या मनात लोभ उपजला तर तो हितासाठी की अहितासाठी? उत्तर कालामांनी दिले. स्वतःच्या तोंडून निघालेले उत्तर माणूस सहसा विसरत नाही.

मग आपल्या पुढाऱ्यांनी, मुकादमांनी, गटाच्या अध्यक्षांनी काय करावे? पहिले असे, की ज्याचे उत्तर आधीच ठरवले आहे तो प्रश्न विचारू नये. लोक नाटक ओळखतात. दुसरे, विचारल्यावर थांबावे. शांतता पसरली की पुढारी घाबरून स्वतःच उत्तर देतात, ते टाळावे. तिसरे, आधी तरुणांना आणि मागे बसलेल्या बायांना बोलू द्यावे. ज्येष्ठ आधी बोलले की बाकीच्यांची तोंडे मिटतात. चौथे, मिळालेले उत्तर वहीत लिहावे आणि पुढच्या बैठकीत त्याचे काय झाले ते सांगावे. नाही तर पुढच्या वेळी कोणी बोलणार नाही.

कारखान्यात कोणाला दुखापत झाली, तर आधी मशीन बंद करा, माणसाला दवाखान्यात न्या. तिथे हुकूमच हवा. पण नंतर "चूक कोणाची?" असे विचारले, तर सगळे गप्प बसतील. "हे कसे घडले? उद्या घडू नये म्हणून काय बदलायचे?" असे विचारले, तर सैल झालेला पट्टा दाखवायला कोणीतरी पुढे येईल. त्यात उद्या एखाद्याचा हात वाचेल.

आणि घरातले पुढारी कोण? आईबापच. मूल शाळेतून आले की "मार्क किती पडले?" एवढेच विचारू नका. "आज कुठले गणित अडले?" असे विचारा. गणित तुम्हाला येत नसले तरी चालेल. अडले म्हटल्यावर मार बसत नाही, हे त्याला कळू द्या. अडलेले लपवत लपवतच आपली मुले शाळेतून गळतात.

जयंतीच्या बैठका दरवर्षी होतातच. येत्या बैठकीत अध्यक्षांनी भाषण थोडे आखडते घ्यावे आणि एवढेच विचारावे : "गेल्या वर्षी आपले काय चुकले?" मग शांतपणे खाली बसावे.

जय भीम!