कास्तकाराचा सल्लागार कोण?

वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यातील अल्लीपूर हे कापूस, सोयाबीन आणि तूर या पिकांवर संसार चालवणाऱ्या मुलखातले गाव. आणि या मुलखात तीन-चार एकरांच्या धन्याला पऱ्हाटीवर काय फवारावे असा प्रश्न पडला, म्हणजे ज्या कृषी केंद्रातून त्याने बियाणे व खत उधारीवर आणलेले असते, त्याच दुकानाची पायरी तो बहुधा पुन्हा चढतो. दुकानदार लबाडच असतो असे नाही. परंतु ज्याचे वावर त्याने पाहिलेले नाही त्याला तो सल्ला देतो, आणि ज्याचे देणे बाकी आहे त्याला ग्राहक सल्ल्याविषयी फारसे उलट विचारू शकत नाही. दोन हेक्टरांपर्यंतच्या अल्प व अत्यल्प भूधारकांचे प्रमाण 2015-16च्या कृषिगणनेनुसार देशातील खातेदारांत शेकडा 86 आहे. तेव्हा हा प्रश्न एका गावापुरता नाही.

वर्धा जिल्ह्याला या प्रश्नाचा विचार नवा नाही. 1934 साली वर्ध्यातील मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन होऊन गांधीवादी अर्थतज्ज्ञ जो. कॉ. कुमारप्पांनी त्याची धुरा वाहिली. ऑक्टोबर 1937मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेने हाताच्या उद्योगातून विद्या हा नयी तालीमचा विचार मांडला, आणि 1945 साली सेवाग्रामात त्याच नयी तालीमचा विस्तार बाल्यापासून प्रौढ वयापर्यंतच्या शिक्षणाला व्यापेल, असा करण्यात आला. शेतकऱ्याने शेतातच शिकावे हे तत्त्व, म्हणजे, येथे परके नव्हे.

त्या तत्त्वाचे आजचे रूप म्हणजे शेतीशाळा. 1989च्या सुमारास इंडोनेशियातील भातशेतीत ही पद्धत रुजली आणि पुढे आपल्या कृषी खात्यानेही ती स्वीकारली. वीस-पंचवीस कास्तकारांनी ठरावीक दिवशी एकाच्या वावरात जमावे, झाडे मोजावीत आणि निष्कर्ष स्वतः काढावा, इतकाच तिचा अभ्यासक्रम. गुलाबी बोंडअळीचे उदाहरण घ्या. 2017 साली विदर्भातील कापसाची तिने जी दाणादाण उडवली, ती अजून विस्मृतीत गेलेली नाही. कामगंध सापळ्यात लागोपाठ तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग सापडले, अथवा पाकळ्या गुरफटून उमलू न शकलेल्या डोमकळ्यांचे व किडक्या बोंडांचे प्रमाण शेकडा दहावर गेले, म्हणजे फवारणीची वेळ आली, असे शास्त्र सांगते. हे मोजमाप एकदा हाती आले, की कोणती फवारणी टाळावी हे कास्तकारास दुकानदाराला न विचारता कळते, आणि वाचलेला पैसा त्याच्याच खिशात राहतो. माहितीसाठी त्याने फार लांब जाण्याचेही कारण नाही. सेलसुऱ्याचे कृषी विज्ञान केंद्र जिल्ह्यातच आहे आणि 2004पासून सुरू असलेले किसान कॉल सेंटर दूरध्वनीवर मराठीतही उत्तर देते.

मात्र केवळ ज्ञानाने बाजार जिंकता येत नाही. कापसातील आर्द्रता शेकडा आठपर्यंत असल्यास हमीभाव पुरता मिळतो, बारापर्यंत कपात होते आणि त्यापुढे कापूस महामंडळ माल घेतच नाही. हे ठाऊक असूनही एकट्याची गाडीभर वेचणी कास्तकाराला घासाघीस करण्याइतके बळ देत नाही. येथे संघटनेचा प्रश्न उपस्थित होतो. कंपनी कायद्यातील 2002च्या दुरुस्तीने उत्पादक कंपनीचा मार्ग मोकळा केला: दहा उत्पादक एकत्र आले तरी ती नोंदवता येते, आणि भाग कितीही असले तरी वैयक्तिक सभासदाला मत एकच. 1904च्या सहकारी पतसंस्था कायद्यापासून चालत आलेल्या सहकाराच्या परंपरेला हे साजेसेच आहे.

परंतु कागदावरची कंपनी आणि प्रत्यक्ष ऐक्य यांत अंतर असते. अनुदानाच्या मंजुरीसाठी सह्या जमवून काढलेली कंपनी, मंजुरी आली अथवा नाकारली गेली, की बहुधा दप्तरातच निजते. उलट ज्यांनी एका हंगामात एकमेकांची वावरे तपासली, बियाण्याचा भाव एकत्र ठरवला आणि उतारा उघडपणे सांगितला, त्यांना कंपनी म्हणजे आधीच जुळलेल्या व्यवहाराची नोंद वाटते. म्हणून अल्लीपूरसारख्या गावाने आधी शेतीशाळा भरवावी आणि नंतर कंपनीचा अर्ज करावा; कारण परस्परांच्या हिशेबावर विश्वास बसलेला नसताना काढलेला भाग-भांडवलाचा दाखला तंट्याचाच दस्तऐवज ठरण्याचा संभव अधिक.